स्थापना तिची, मालकी कुणाची?

तंत्रज्ञान आणि इंटरनेटच्या क्षेत्रात कंपनी काढणाऱ्या स्त्रियांचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. घरोघरी संगणक पोचण्याच्या कितीतरी आधी, १९६२ साली, इंग्लंडमधल्या एका स्त्रीने जेवणाच्या टेबलावर सॉफ्टवेअरची कंपनी सुरू केली. आज मुंबईपासून सिडनीपर्यंत आणि गुरुग्रामपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्त्रियांनी उभारलेल्या अशा कंपन्या कोट्यवधी लोकांच्या रोजच्या वापरात आहेत. या वाटचालीत दोन प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात. कंपनी कुणी स्थापन केली, हा पहिला. कंपनी मोठी झाल्यावर स्थापन करणारीच्या हाती किती मालकी आणि किती निर्णय उरले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात कौतुक असते, खरी ताकद मात्र दुसऱ्याच्या उत्तरात दडलेली असते.

वाटा कसा आकसतो

नवी कल्पना घेऊन निघालेली आणि थोड्या वर्षांत फार मोठे होऊ पाहणारी कंपनी म्हणजे स्टार्टअप. किराणा दुकान किंवा छापखाना आपल्या कमाईतून हळूहळू वाढतो. स्टार्टअपला नफा दिसण्याआधीच माणसे नेमावी लागतात, यंत्रणा उभारावी लागते, ग्राहक मिळवावे लागतात. त्यासाठी बँकेकडे जावे तर बँक तारण मागते, आणि सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे चार संगणक आणि काही हुशार माणसे यांपलीकडे गहाण टाकण्यासारखे काही नसते. म्हणून हा पैसा व्हेंचर कॅपिटल संस्थांकडून येतो. या संस्था कर्ज देत नाहीत, पैशाच्या बदल्यात मालकीचा हिस्सा घेतात.

हिशेब करून पाहिला तर त्याचा परिणाम लगेच कळतो. दोन संस्थापकांनी निम्म्या-निम्म्या वाट्याने कंपनी काढली. गुंतवणुकीच्या पहिल्या फेरीत गुंतवणूकदाराला २० टक्के दिले की दोघांकडे मिळून ८० टक्के उरतात. आणखी एकेका फेरीत तितकाच हिस्सा दिला तर ८० चे ६४, ६४ चे साधारण ५१ आणि चौथ्या फेरीनंतर ४१ टक्के होतात. प्रत्येकाच्या वाट्याला साडेवीस टक्के. कंपनीचे मोल शंभरपट वाढले असेल तर हा छोटा वाटाही मोठी संपत्ती ठरतो, पण बहुमत गेलेले असते. संचालक मंडळावर कोण बसणार, मुख्य अधिकारी कोण, कंपनी विकायची की नाही, हे प्रश्न आता एकट्या संस्थापकाच्या हातात राहत नाहीत. हे गणित स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागू पडते. पण ज्यांना पैसा उशिरा आणि कमी मिळतो, त्यांना तो महागात घ्यावा लागतो, आणि तिथे फरक सुरू होतो.

सहा पौंडांची कंपनी

स्टेफनी शर्ली यांचा जन्म १९३३ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात झाला. वडील ज्यू. नाझी राजवटीतून ज्यू मुलांना वाचवून इंग्लंडला नेणाऱ्या मोहिमेत, १९३९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी त्या मोठ्या बहिणीबरोबर इंग्लंडला पोचल्या. पुढे ब्रिटिश पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांतून त्यांनी गणिताची पदवी मिळवली आणि संगणकाच्या कामात शिरल्या. लग्न झाले किंवा मूल झाले की स्त्रीने नोकरी सोडावी, अशी त्या काळातली सर्वसाधारण अपेक्षा होती. शिकलेल्या, अनुभवी प्रोग्रामर स्त्रिया त्यामुळे घरी बसलेल्या होत्या. १९६२ मध्ये शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही कंपनी काढली, ती या स्त्रियांना घरून काम देण्यासाठी.

त्या काळी सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट मिळे, त्यामुळे ते वेगळे विकत घेण्याची कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. प्रोग्राम लिहायला संगणक लागतही नसे. घरी टेबलाशी बसून पेन्सिलीने आधी आराखडा काढायचा, मग एकेक सूचना कागदावर लिहायची. ते कागद पुढे छिद्रांच्या कार्डांवर उतरवले जात आणि मग यंत्राला दिले जात. घरी टेलिफोनची सोय आहे का, हे कामाला घेताना विचारले जाई, कारण टेलिफोन हेच या कंपनीचे कार्यालय होते. ग्राहकाशी फोनवर बोलताना लहान मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून शर्ली टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप मागे लावून ठेवत. धंद्यासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्या 'स्टीव्ह' या पुरुषी नावाने सही करू लागल्या आणि उत्तरे येऊ लागली.

पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग याच कंपनीतल्या, घरून काम करणाऱ्या स्त्रियांनी केले. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला आणि मुख्यतः स्त्रियांनाच काम देण्याचे धोरण बेकायदा ठरले, तेव्हा कंपनीने पुरुषांसाठीही दार पूर्ण उघडले.

शर्ली यांचा मालकीविषयीचा निर्णय सगळ्यात वेगळा होता. ज्यांच्या कष्टावर कंपनी उभी आहे त्यांच्याकडे तिचे शेअर असावेत, असे त्यांनी ठरवले. कंपनीचा पहिला एक चतुर्थांश हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात अकरा वर्षे गेली. १९९६ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली आणि पुढे कंपनीतल्या सत्तर कर्मचाऱ्यांची प्रत्येकी संपत्ती दहा लाख पौंडांच्या वर गेली. नंतर 'झान्सा' नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीची भारतातही कार्यालये होती, त्यांतले एक पुण्यात. आपली बहुतेक संपत्ती शर्ली यांनी दान केली. त्यातली मोठी रक्कम ऑटिझमच्या क्षेत्रासाठी होती, कारण त्यांच्या एकुलत्या मुलाला ऑटिझम होता. २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्थापन केलेल्या कंपनीतून बाहेर

इंटरनेट म्हणजे वेगवेगळ्या जाळ्यांना जोडणारे जाळे. ही जोडणी करणारे यंत्र म्हणजे राउटर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका विभागातले संगणक एक पद्धत वापरत, दुसऱ्या विभागातले दुसरी, आणि त्यांना एकमेकांचे बोलणे समजत नसे. अनेक पद्धती समजून घेऊन निरोप योग्य वाटेने पुढे धाडणाऱ्या राउटरवर स्टॅनफर्ड विद्यापीठात काम झाले होते. सँड्रा लर्नर या तिथल्या व्यवस्थापन शाखेच्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या, त्यांचे पती लेन बोसॅक संगणकशास्त्र विभागाचे काम पाहत. दोघांनी १९८४ च्या डिसेंबरमध्ये 'सिस्को' ही कंपनी स्थापन केली. नाव सॅन फ्रान्सिस्को या शहराच्या नावाची शेवटची अक्षरे घेऊन ठेवले. घर गहाण पडले, क्रेडिट कार्डांवर उधारी झाली, कंपनीला हातभार म्हणून लर्नर यांनी काही काळ दुसरीकडे नोकरीही केली.

१९८७ मध्ये सिकोया या गुंतवणूक संस्थेने २५ लाख डॉलर घातले आणि सुमारे एक तृतीयांश मालकी घेतली. पैशाबरोबर व्यवस्थापनाची सूत्रेही गेली. बाहेरून मुख्य अधिकारी नेमला गेला. फेब्रुवारी १९९० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लर्नर यांना कंपनीतून काढण्यात आले, आणि पाठोपाठ बोसॅकही बाहेर पडले. दोघांनी आपले शेअर सुमारे १७ कोटी डॉलरना विकले. मार्च २००० मध्ये बाजारमूल्याच्या हिशेबाने सिस्को काही काळ जगातली सर्वांत मोठी कंपनी ठरली, तेव्हा तिची एक संस्थापक दहा वर्षांपूर्वीच बाहेर पडलेली होती.

लर्नर तिथे थांबल्या नाहीत. 'अर्बन डिके' ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिन यांच्या भावाच्या जुन्या वाड्यात स्त्रियांच्या जुन्या साहित्याच्या अभ्यासाचे केंद्र त्यांनी सुरू केले. तरी सिस्कोची हकिकत सांगते ती गोष्ट साधी आहे. गुंतवणुकीचा करार करताना फक्त रक्कम पाहून चालत नाही. संस्थापकाचे स्थान आणि मताधिकार कागदावर सुरक्षित नसतील, तर कल्पना आणि कष्ट यांच्या बळावर ते टिकत नाहीत.

मुंबईतली नायिका

फाल्गुनी नायर यांना गुंतवणुकीच्या कराराचा हा कागद आधीच वाचता येत होता. मुंबईत वाढलेल्या, सिडनहॅम महाविद्यालयात आणि नंतर अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेल्या नायर यांची कारकीर्द गुंतवणूक बँकिंगमध्ये गेली होती. दुसऱ्यांच्या कंपन्या शेअर बाजारात कशा आणायच्या, हा त्यांचा अनेक वर्षांचा व्यवसाय. २०१२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नोकरी सोडली आणि सुमारे २० लाख डॉलर स्वतःचे घालून सौंदर्यप्रसाधने ऑनलाइन विकणारी 'नायका' सुरू केली. संस्कृतातल्या 'नायिका' शब्दावरून हे नाव आले.

नायकाच्या उभारणीतला एक निर्णय जवळून पाहण्यासारखा आहे. बहुतेक ऑनलाइन बाजारपेठा कुणाही विक्रेत्याला जागा देतात, माल विक्रेत्याचा असतो. सौंदर्यप्रसाधनांत बनावट मालाची भीती फार. चेहऱ्याला लावायची वस्तू खोटी निघाली तर नुकसान फक्त पैशाचे होत नाही. म्हणून नायकाने माल थेट ब्रँडकडून किंवा त्यांच्या अधिकृत वितरकांकडून घेऊन स्वतःच्या गोदामात ठेवायची पद्धत निवडली. यात भांडवल जास्त अडकते, पण बाटलीवर जे लिहिले आहे तेच आत आहे याची हमी देता येते. त्याबरोबर कोणत्या त्वचेला काय चालते, कोणती वस्तू कशी वापरायची, हे सांगणारे लेख आणि व्हिडिओ दिले. गल्लीतल्या दुकानात काउंटरपलीकडच्या पुरुष विक्रेत्याला जे विचारायला संकोच वाटे, ते इथे निवांत पाहता येऊ लागले.

१० नोव्हेंबर २०२१ रोजी नायकाचे शेअर बाजारात आले. ११२५ रुपयांना दिलेल्या शेअरचा भाव पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला आणि कंपनीचे मूल्य एक लाख कोटी रुपयांच्या वर गेले. पुढच्या काळात हा भाव बराच खाली आला. पण एक बाब भावाच्या चढउतारापलीकडची होती. बाजारात येतानाही निम्म्याहून अधिक मालकी संस्थापक कुटुंबाकडेच होती. सुरुवातीचा पैसा स्वतःचा होता आणि बाहेरचा पैसा जपून घेतला होता, त्यामुळे हे शक्य झाले. अर्थात, इतकी वर्षे मोठ्या पदावर काम करून साठवलेली रक्कम हाताशी असणे, ही सवलत पंचविशीतल्या मुलीकडे नसते.

कीर्द आणि काफ्का

पुण्यात वाढलेल्या नेहा नारखेडे यांची वाट वेगळी आहे. पुण्यात संगणक अभियांत्रिकी आणि मग अमेरिकेत जॉर्जिया टेक इथे पदव्युत्तर शिक्षण, अशी तयारी करून त्या लिंक्डइनमध्ये अभियंता झाल्या. तिथे प्रत्येक क्लिक, प्रत्येक संदेश, प्रत्येक उघडलेले पान ही एकेक नोंद होती आणि अशा नोंदी अखंड येत. जाहिरात विभागाला त्या हव्यात, शोध विभागाला हव्यात, सुरक्षा विभागालाही हव्यात. प्रत्येक विभागासाठी वेगळी नळी टाकावी तर नळ्यांचा गुंता होई आणि माहिती उशिरा पोचे.

तिथलेच सहकारी जे क्रेप्स आणि जून राव यांच्यासह नारखेडे यांनी त्यावर 'काफ्का' ही प्रणाली उभी केली. जुन्या पेढीवर कीर्द लिहिली जायची, तशीच तिची रचना आहे. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने खाली खाली लिहीत जायचे, मागची ओळ खोडायची नाही. मग त्या एका कीर्दीवरून ज्याला जे खाते लागेल त्याने आपली खतावणी करायची. काफ्कातही प्रत्येक घटना क्रमाने नोंदली जाते, आणि प्रत्येक विभाग आपण कुठवर वाचले याची खूण ठेवून आपल्या गतीने वाचतो. फरक इतकाच, की ही कीर्द अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. त्यांतला एखादा बंद पडला तरी नोंद हरवत नाही.

२०११ मध्ये काफ्का सर्वांसाठी खुली करण्यात आली. २०१४ मध्ये तिघांनी लिंक्डइनमधून बाहेर पडून 'कॉन्फ्लुएंट' ही कंपनी काढली. मूळ प्रणाली फुकट, ती मोठ्या प्रमाणावर बिनचूक चालवून देण्याची सेवा विकत, असा तिचा व्यवसाय. नारखेडे तांत्रिक प्रमुख होत्या. जून २०२१ मध्ये कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली. अनेक फेऱ्यांत संस्थापकांचा वाटा कमी होत गेला होता, पण कंपनीचे मोल इतके वाढले, की अमेरिकेतल्या स्वकर्तृत्वाने श्रीमंत झालेल्या स्त्रियांच्या फोर्ब्सच्या यादीत नारखेडे यांचे नाव आले. शिवाय संस्थापकांच्या शेअरला सामान्य शेअरपेक्षा जास्त मते, अशी तरतूद कंपनीत होती. वाटा घटला तरी मताचे वजन राखता येते, ते असे. नंतर त्यांनी आर्थिक व्यवहारांतली जोखीम आणि फसवणूक ओळखणारी 'ऑसिलर' ही दुसरी कंपनी सुरू केली.

नकार आणि प्रश्न

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मेलनी पर्किन्स विद्यार्थिदशेत इतरांना डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकवत. कोणते बटण कुठे आहे एवढे शिकण्यातच मुलांचे महिने जातात, हे पाहून त्यांनी आणि त्यांचे जोडीदार क्लिफ ऑब्रेक्ट यांनी २००७ मध्ये शाळांची वार्षिके मांडून देणारे सोपे साधन तयार केले. कामाची जागा आईच्या घरातला दिवाणखाना. सगळ्या प्रकारच्या डिझाइनसाठी असेच साधन काढायचे ठरले, तेव्हा शंभरहून अधिक गुंतवणूकदारांनी नकार दिला. २०१३ मध्ये सुरू झालेले ते साधन म्हणजे 'कॅनव्हा'. आज लग्नपत्रिकेपासून शाळेच्या प्रकल्पापर्यंत महाराष्ट्रातही ते सर्रास वापरले जाते.

नकार पुरुषांनाही मिळतात. पण स्त्रियांच्या बाबतीत नकाराआधीची विचारपूसच वेगळी असते, हे अभ्यासातून दिसले आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या डेना कान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका प्रसिद्ध स्टार्टअप स्पर्धेतली २०१० ते २०१६ या काळातली प्रश्नोत्तरे तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांत सुमारे दोन तृतीयांश प्रश्न वाढीचे होते: ग्राहक किती मिळवाल, बाजार केवढा होईल? स्त्रियांना तितक्याच प्रमाणात बचावाचे प्रश्न आले: आहेत ते ग्राहक टिकवाल कसे, तोटा कधी भरून निघेल? ज्यांना वाढीचे प्रश्न आले त्यांना पुढे कितीतरी पट अधिक पैसा मिळाला. असे प्रश्न विचारण्यात स्त्री गुंतवणूकदारही मागे नव्हत्या. मात्र बचावाच्या प्रश्नाला वाढीचे उत्तर देणाऱ्यांना जास्त रक्कम मिळाली, हेही त्याच अभ्यासात आढळले.

एकूण आकडेही हेच सांगतात: अमेरिकेत फक्त स्त्रियांनी स्थापन केलेल्या कंपन्यांना मिळणारे व्हेंचर कॅपिटल कित्येक वर्षे एकूण रकमेच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहिले आहे.

भारतातले कागद

भारतात तारणाचा प्रश्न वारशाशी जोडलेला आहे. घर किंवा जमीन नावावर नसेल तर बँकेचे दार अर्धेच उघडते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. हक्क कायद्यात आहे, पण भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करून देण्याची रीत अजून गेलेली नाही. त्या सहीबरोबर पुढच्या धंद्याचे तारणही जाते.

सरकारी योजनांनी मालकीची अट घातली आहे. २०१६ च्या 'स्टँड-अप इंडिया' योजनेत स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज ठेवले गेले, आणि कंपनी असेल तर किमान ५१ टक्के वाटा व नियंत्रण त्यांच्याकडे हवे असे ठरले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला स्टार्टअप योजना आणली. तीत १ लाख ते २५ लाख रुपयांचे साहाय्य असून स्त्रीचा किमान ५१ टक्के वाटा हीच अट आहे. नावापुरती स्त्री पुढे करून योजना लाटली जाऊ नये यासाठी ही अट योग्य आहे. ग्रामपंचायतीत 'सरपंचपती' कारभार हाकतो, तसा कंपनीत 'संचालकपती' होऊ नये. पण पुरुष भागीदाराबरोबर निम्म्या वाट्याने सुरू झालेली कंपनी पहिल्या फेरीआधीच या अटीबाहेर राहते, हे वरच्या हिशेबातून दिसते. म्हणून भागीदारांबरोबर बाहेरचे भांडवल घेत वाढणाऱ्या कंपनीसाठी टक्केवारीबरोबर मताधिकारही मोजला गेला पाहिजे. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०१९ पासून तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रवर्तकांना जास्त मताधिकाराचे शेअर राखून बाजारात येण्याची सोय ठेवली आहे. तो मार्ग अधिक स्त्रियांना माहीत व्हायला हवा.

कंपनी काढू पाहणाऱ्या प्रत्येकीने चार गोष्टी पहिल्या दिवशीच लिहून घ्याव्यात: संस्थापकांत वाटा किती आणि का, कुणी मध्येच सोडून गेल्यास त्याच्या शेअरचे काय, संचालक मंडळावर कुणाच्या किती जागा, आणि कोणता निर्णय संस्थापकाच्या संमतीशिवाय होणार नाही. सहकारी मित्र असो, नवरा असो की सख्खा भाऊ, हा कागद टाळू नये. सही करण्याआधी तो स्वतः वाचावा, आणि कळला नाही तर आपल्या बाजूच्या वकिलाकडून समजून घ्यावा.